केंद्र नऊचा निकाल का अडला

मागच्या निवडणुकीत एका केंद्रावरचा अधिकारी फोनवरून मतांचे आकडे कळवत होता. कळवता कळवता त्याने दारात डोकावलेल्या भावाला ‘येताना दूध दोन लिटर आण’ असं सांगितलं. पलीकडे बसलेल्या कारकुनाने ते दोन इमानेइतबारे लिहून घेतले आणि त्या क्षणी ज्याचं नाव पेनाखाली होतं त्याच्या पदरात टाकले. एका मताने पडायचा तो उमेदवार एका मताने निवडून आला. त्याने पुढे काम बरं केलं म्हणतात, पण निवडणूक कार्यालयाची झोप उडाली ती उडालीच.

मग नियम आले. आकडा आधी सुटा सुटा सांगायचा, मग जोडून. ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा. सांगणाऱ्याने ‘मान्य’ म्हणायचं. दोघांपैकी कोणाच्याही तोंडून एक आकडा इकडचा तिकडे झाला, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि आकड्याशिवाय फोनवर जे काही बोललं जाईल ते, खोकला सोडून, ‘शेरा’ समजून लिहायचं, वाचून दाखवायचं आणि त्याखाली उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. फोनचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू गेला पाहिजे. अहवाल पुरा होईपर्यंत सांगणाऱ्याने केंद्र सोडायचं नाही आणि ऐकणाऱ्याने टेबल.

हे वाचून बाकीच्या केंद्रप्रमुखांनी कपाळाला हात लावला. केंद्र नऊच्या प्रमुखांनी मात्र ते नियम दोनदा वाचले आणि त्यांना बरं वाटलं. जगात कोणीतरी शहाणं माणूस आहे, असं त्यांना वाटलं.

हे गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, तराजू तपासायचा, वजनं पारखायची आणि खोट निघाली की दंड ठोकायचा, हे त्यांचं काम. गावात सगळे त्यांना काटासाहेब म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि त्यांनाही ते गोड वाटायला लागलं. घरी भाजीची पिशवी आली की ती नुसती हातात धरून ते म्हणत, “पन्नास ग्रॅम कमी आहे,” आणि तेवढंच कमी निघायचं. असा माणूस बाहेर कौतुकाचा असतो. घरात तो सोसावा लागतो.

त्यांची बायको वीज कार्यालयात तक्रारींच्या फोनवर बसायची. दिवसभर लोक तिच्यावर ओरडायचे आणि ती शांतपणे त्यांचे मीटर क्रमांक लिहून घ्यायची. तिच्या आईचं एक शिलाई मशीन घरात होतं. त्या मशीनवर आईने गावाचे कपडे शिवून लेकीला शिकवलं होतं. आई गेली, मशीन गंजलं, चाक फिरेनासं झालं आणि ते मागच्या खोलीत एका कोपऱ्यात उभं राहिलं. काटासाहेबांचा गुडघा जाता येता त्याला लागायचा. एके दिवशी भंगारवाला दारावरून गेला. काटासाहेबांनी त्याला हाक मारली आणि मशीन देऊन टाकलं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “मला विचारलंत का?”

“त्यात काय विचारायचं?” काटासाहेब म्हणाले. आणि एवढ्यावर गप्प बसायचं सोडून वर अभिमानाने म्हणाले, “काटा तपासून घेतला त्याचा. एकदम बरोबर होता.”

त्या वाक्यानंतर घरात अबोला सुरू झाला, त्याला आता अडीच महिने होत आले होते. जे काही बोलणं व्हायचं ते भिंतीकडे बघून किंवा शेजारणीमार्फत. काटासाहेबांना आपलं चुकलं हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, पण कळणं आणि ते तोंडातून बाहेर पडणं यात फार अंतर असतं. भंगाराच्या बाजारात ते गुपचूप जाऊनही आले. मशीन वितळून केव्हाच कशाचं तरी काहीतरी झालं होतं.

आणि मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. तो बिचारा सरळ मनाचा. “दाजी, ताई उद्या पाचच्या गाडीनेच येतेय ना? मी स्टँडवर जातो. आणि बदलीचा अर्ज दिलाय म्हणाली, तर खोली बघून ठेवू का तिच्यासाठी?” काटासाहेब ‘हो, हो’ म्हणाले. सकाळी दाराशी बॅग होती. त्यांनी सवयीने ती उचलून पाहिली. चार दिवसांच्या मुक्कामाचं ते वजन नव्हतं. तेवढ्यात बायको आली, तिने त्यांच्या हातातून बॅग घेतली आणि एक शब्द न बोलता ती मुख्य कार्यालयात निवडणुकीच्या कामाला गेली. काटासाहेब आपल्या केंद्रावर गेले. दिवसभर ते लोकांच्या बोटांना शाई लावत होते. पाचच्या आत काहीतरी बोललं पाहिजे एवढं त्यांना कळत होतं. कसं, ते कळत नव्हतं.

केंद्र एका प्राथमिक शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात होतं. भिंतीवर मुलांनी काढलेले मासे होते आणि बसायला मुलांच्याच खुर्च्या, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. मतदान दुपारी संपलं. दार लावून मोजणी सुरू झाली. उमेदवार तिघे होते आणि त्यांची चिन्हं कात्री, बादली आणि शिडी. कात्रीकडून एक केमिस्ट आला होता, जो प्रत्येक मतपत्रिका डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तशी उजेडात धरून वाचायचा. बादलीकडून उमेदवाराची सख्खी मावशी होती. शिडीकडून एक विमा एजंट होता. ‘नुसतं बसायचंय’ एवढ्या बोलीवर तो आला होता आणि ती बोली तो डोळे मिटून पाळत होता.

काटासाहेब एकेक मतपत्रिका उलगडत, तिघांना दाखवत आणि ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये ठेवत. एकाने तिन्ही चिन्हांवर शिक्के मारून खाली ‘सगळ्यांना शुभेच्छा’ लिहिलं होतं. मावशी म्हणाल्या, “यातली एक तृतीयांश शुभेच्छा आमची.” काटासाहेबांनी ते मत बाद केलं. अशी सहा बाद झाली. बाकीचा हिशेब पहिल्याच फेरीत जुळला, तेव्हा केमिस्टने टाळी वाजवली.

फोन लावला तेव्हा साडेतीन वाजले होते. काटासाहेबांनी घसा साफ केला आणि आवाज मोठा करायचं बटण दाबलं.

“केंद्र नऊ. अहवाल देतो.”

“टेबल चार. बोला.”

बायकोचाच आवाज. अडीच महिन्यांत तो पहिल्यांदा त्यांच्या दिशेने आला होता. काटासाहेब हातातला आकड्यांचा कागद विसरले. मावशींनी त्यांना कोपर मारलं.

“एकूण मतं. चार, चार, सहा. चारशे सेहेचाळीस.”

“एकूण मतं. चार, चार, सहा. चारशे सेहेचाळीस. बरोबर?”

“मान्य.”

“पुढे.”

“बाद. शून्य, शून्य, सहा. सहा.”

तिने सहा म्हटलं, त्यांनी मान्य म्हटलं. कात्रीचे दोनशे चौदा झाले. बादलीचे दोनशे नऊ झाले. आता फक्त शिडी राहिली. शिडी सांगितली की अहवाल संपणार, तिचं टेबल सुटणार, आणि स्टँड त्या कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर. काटासाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडून शिडीऐवजी भलतंच बाहेर पडलं.

“बॅग घेऊन आली आहेस का?”

विमा एजंटने डोळे उघडले. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “केंद्र नऊ, हा शेरा समजायचा का?”

नियम तर तोंडपाठ होते. “हो. शेरा.”

“शेरा एक. बॅग घेऊन आली आहेस का. बरोबर?”

“मान्य.”

“प्रतिनिधींच्या सह्या घ्या.”

काटासाहेबांनी कागद पुढे सरकवला. केमिस्टने पेन खाली ठेवलं. “एक मिनिट. कसली बॅग? मोजणी चालू असताना मुख्य कार्यालयात बॅग गेलीच कशी? मी नाही सही करणार.”

“मी तर मुळीच नाही,” मावशी म्हणाल्या. “माझा भाचा इथे पाच मतांनी मागे, आणि तिकडे बॅगा फिरतायत!”

“बॅग माझ्या बायकोची आहे,” काटासाहेब म्हणाले.

“आणि बायको कुठाय?”

काटासाहेबांनी फोनकडे बोट दाखवलं. तिघेही फोनकडे बघायला लागले.

“अगंबाई,” मावशी म्हणाल्या.

शेरा दोन असा झाला, की सदर बॅग केंद्रप्रमुखांच्या पत्नीची असून तिचा मतदानाशी संबंध नाही. केमिस्टला तेवढ्याने भागेना. बॅगेत काय आहे ते कळल्याशिवाय सही नाही, म्हणाला. टेबल चारने कोरड्या आवाजात यादी सांगितली. कपडे. ॲसिडिटीच्या गोळ्या. आईचा फोटो. उशीचा अभ्रा.

“गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची म्हणावं,” केमिस्ट सवयीने म्हणाला.

“शेरा चार. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची म्हणावं. बरोबर?”

“मान्य,” काटासाहेब म्हणाले. पण त्यांचं लक्ष अभ्र्यात अडकलं होतं. बायकोला दुसऱ्याच्या उशीवर झोप लागत नाही हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. लहानसहान मुक्कामाला मात्र ती तशीच जायची, आल्यावर मान धरली म्हणून तक्रार करायची. अभ्रा घेऊन ती कधी गेली नव्हती. त्यांना एकदम रडू यायला लागलं, म्हणून त्यांनी रबरबँड मोजायला घेतले.

मावशी फोनवर वाकल्या. “जातेयस कुठे गं बाई?”

“प्रतिनिधींनी थेट बोलायचं नाही. केंद्रप्रमुखांमार्फत विचारा.”

“विचारा,” मावशी काटासाहेबांना म्हणाल्या.

घरी शेजारीण मध्ये असायची, इथे मावशी आल्या, एवढाच काय तो फरक. काटासाहेब म्हणाले, “टेबल चार, बादलीच्या प्रतिनिधी विचारतायत, आपण कुठे चाललात.”

“भावाकडे.”

“किती दिवस, ते विचारा.”

“किती दिवस, असं विचारतायत.”

“बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. उद्या वर जाईल.”

“आणि का, ते विचारा,” मावशी म्हणाल्या.

“ते मला माहीत आहे.”

“आम्हाला कुठे माहीत आहे? सह्या आम्ही करायच्या आहेत.”

काटासाहेबांनी टाय सैल केला. मग जणू कोणा तिसऱ्याच दुकानदाराचा गुन्हा नोंदवतायत अशा आवाजात म्हणाले, “शेरा. शिलाई मशीन भंगारात दिलं.”

“अपूर्ण आहे,” ती म्हणाली. “पूर्ण सांगा.”

“तिच्या आईचं शिलाई मशीन भंगारात दिलं.”

“अजून अपूर्ण.”

“न विचारता दिलं,” काटासाहेब म्हणाले.

“शेरा आठ. तिच्या आईचं शिलाई मशीन न विचारता भंगारात दिलं. बरोबर?”

“मान्य.”

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. केमिस्ट मात्र बाजू घ्यायला पुढे सरसावला. पुरुषाची बाजू घेणारं कोणीतरी हवं, म्हणाला. “चालू होतं का मशीन?”

“नाही. गंजलं होतं.”

“मग! जागा अडवत असणार.”

“तुमच्या दुकानात मुदत संपलेली औषधं जागा अडवत नाहीत का?” मावशी म्हणाल्या. “ती बरी सांभाळून ठेवता.”

“मशीनचा विमा होता का?” विमा एजंटने विचारलं. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. तेव्हा तो म्हणाला, “भांडताय कशाला? पेटी समोर आहे, आपण तिघं आहोत. मतदान घ्या.”

आता एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मतदान घ्या म्हटल्यावर काटासाहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी मुलांच्या चित्रकलेच्या वहीतले तीन कोरे कागद फाडले. पेटी उपडी करून रिकामी असल्याचं तिघांना दाखवलं. प्रश्न असा ठेवला, की सदर मशीन देण्याआधी विचारायला हवं होतं की नाही. पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकेक जण जाऊन आला. जाण्यापूर्वी केमिस्टने वळून विचारलं, “एक सांगा, त्यांनी जाब विचारल्यावर तुम्ही काय म्हणालात?”

“काटा बरोबर होता, असं म्हणालो.”

केमिस्ट मान हलवत आडोशामागे गेला आणि लगेच बाहेर आला.

काटासाहेबांनी तिन्ही कागद उलगडले, रीतीप्रमाणे तिघांना दाखवले आणि एकाच ट्रेमध्ये ठेवले. दुसरा ट्रे रिकामाच राहिला. त्यांनी फोन जवळ ओढला.

“शेरा. केंद्रप्रमुखांच्या बाजूने शून्य. विरोधात तीन. बाद मत नाही.”

“केंद्रप्रमुखांच्या बाजूने,” ती म्हणाली आणि थांबली. “शून्य. विरोधात तीन. बाद मत नाही. फेरमोजणी हवी का?”

“नको,” काटासाहेब म्हणाले. “मान्य.”

हा शब्द ते दुपारपासून म्हणत होते, पण या वेळी तो म्हणताना त्यांना घाम फुटला. आणि घाम फुटून गेल्यावर जरा हलकंही वाटलं. मावशींनी आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

एवढ्यात फोनमधून एक जाडा आवाज आला. मुख्य निवडणूक अधिकारी टेबल चारशी येऊन उभे राहिले होते. “केंद्र नऊ! काय चाललंय काय? सगळ्या प्रभागाचे आकडे येऊन पडलेत. तुमच्या एका शिडीवाचून निकाल अडलाय!”

“शेरा अकरा,” ती म्हणाली. “केंद्र नऊ, काय चाललंय काय—”

“अहो, हे लिहू नका!”

“शेरा बारा. अहो, हे लिहू नका.”

“बाई, मी तुमचा अधिकारी आहे!”

“शेरा तेरा.”

पलीकडे अधिकाऱ्यांनी तोंडावर हात धरला असावा, कारण पुढचं बोलणं दबक्या आवाजात आणि फार सांभाळून आलं. साडेपाचच्या आत शिडीचा आकडा आला नाही, तर केंद्र नऊचं मतदान रद्द होईल आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतलं जाईल. तोही शेरा झाला.

मग मात्र तिघांचेही चेहरे बदलले. पुन्हा त्या खुर्च्यांवर दिवसभर बसायची कोणाचीच तयारी नव्हती. त्यातून शाळेच्या फाटकापाशी जमलेल्या लोकांत बातमी पसरली होती, की निकाल शिडीवर अडलाय. शिडीवर अडलाय म्हणजे शिडीच जिंकणार, असा लोकांनी सरळ अर्थ काढला. ‘शिडी! शिडी!’ असा घोष खिडकीतून आत येऊ लागला. शिडीच्या उमेदवाराला कोणीतरी खांद्यावर घेतलं होतं आणि तो वरून भांबावल्यासारखा हात हलवत होता. विमा एजंटने खिडकीतून ते पाहिलं आणि तो लगबगीने टेबलापाशी आला. “साहेब, सांगून टाका आमचा आकडा. जितका उशीर तितके जोरात आपटणार आम्ही.”

घड्याळात चारला थोडा वेळ होता. काटासाहेबांनी रिसीव्हर घट्ट धरला. “शिडी,” ते म्हणाले. “शून्य, एक, नऊ. एकोणीस.”

केमिस्ट खुर्चीतून उठला. “सतरा! सतरा आहेत!”

“चुकलं माझ्याकडून,” काटासाहेब म्हणाले. “नियमाप्रमाणे पहिल्यापासून.”

तिघांनी हाय खाल्ली. काटासाहेब मात्र एकूण मतांपासून सुरुवात करून मोकळे झाले. ते शांतपणे आकडे सांगत होते, ती परत म्हणत होती आणि मिनिटं जात होती. शेरे पुन्हा वाचून झाले, त्यांच्याखाली पुन्हा सह्या झाल्या. जोवर अहवाल पुरा होत नाही तोवर तिला टेबल सोडता येत नाही. असं एखाद-दोनदा चुकलं की पाच वाजून जातील. आयुष्यात पहिल्यांदा काटासाहेबांनी नियमाचा उपयोग स्वतःसाठी केला होता आणि त्यांना चोरून साखर खाल्ल्यासारखं वाटत होतं. ते पुन्हा शिडीशी येऊन पोचले.

“केंद्र नऊ,” ती त्यांच्या आधी म्हणाली. आवाज दमलेला होता. “आपण आकडा कधी चुकत नाही.”

एवढंच म्हणाली. रागावली असती तर काटासाहेबांना बरं वाटलं असतं. ते कागदाकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या अंगावर काटा आला. मशीनच्या वेळी काय केलं होतं? तिची वस्तू, आपल्या मनाने, न विचारता. आणि आता काय चाललंय? तिचा दिवस, तिची गाडी, तिचं जाणं, सगळं आपल्या मनाने अडवून ठेवलंय. पुन्हा विचारलेलं नाहीच. तेव्हा निदान जागा अडते हे कारण तरी होतं.

“शेरा,” काटासाहेब म्हणाले. आवाज फुटला तो त्यांनी फुटू दिला. “मी आत्ता मुद्दाम चुकलो. तुला अडवायला. तेही न विचारताच. मशीन दिलं तेव्हा त्याचं वजन मला कळलं, ते काय होतं ते कळलं नाही. मला तू जायला नको आहेस. पण जायचं असेल तर जा. आता अडवणार नाही.”

मावशी डोळ्यांना पदर लावायला गेल्या आणि मग लक्षात आलं, की आपल्या हातात शाईची बाटली आहे.

तिने शेरा परत म्हटला. सगळा, शब्दन्‌शब्द, एका दमात. शेवटी ‘बरोबर?’ असं विचारलं आणि काटासाहेबांनी ‘मान्य’ म्हटलं. तिघांनी न बोलता सह्या केल्या. साडेचार वाजत आले होते. गाडी अजून आरामात मिळाली असती.

“शिडी. शून्य, एक, सात. सतरा.”

बाहेर अजून शिडीचा जयघोष चाललेला. आता ती सतरा म्हणणार, आपण मान्य म्हणणार, आणि संपलं. काटासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

“शिडी,” ती म्हणाली. “शून्य, एक, आठ. अठरा.”

विमा एजंट ताडकन उठला. “अठरा? एक वाढलं?”

“गप्प बसा हो,” केमिस्ट म्हणाला.

काटासाहेबांनी डोळे उघडले. तक्रारींच्या फोनवर इतकी वर्षं तिने लोकांचे लांबच लांब मीटर क्रमांक त्यांच्या शिव्यांसकट ऐकून लिहून घेतले होते. एकाही घराचं बिल दुसऱ्याकडे गेलेलं नव्हतं.

“अमान्य,” ते हळूच म्हणाले. “सतरा आहेत.”

“चूक माझ्याकडून झाली,” ती म्हणाली. “नियमाप्रमाणे पहिल्यापासून घ्यावं लागेल.” मागे मुख्य अधिकाऱ्यांनी काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज आला. तो आकडाही नव्हता आणि शेराही नव्हता, म्हणून तिने तो सोडून दिला.

“टेबल चार,” काटासाहेब म्हणाले. “सगळे शेरे पुन्हा वाचायचे, पुन्हा सह्या. पाच वाजून जातील.”

“हा शेरा आहे का?”

“नाही. विचारतोय. तुझी गाडी जाईल. चालेल का तुला?”

इकडे तिघेही आपापल्या लहानशा खुर्चीच्या टोकावर आले होते.

“चालेल,” ती म्हणाली. “घरी यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही मी. पण चालेल. सांगा पहिल्यापासून. सावकाश सांगा.”

काटासाहेबांनी कागद दोन्ही हातांनी धरला. “केंद्र नऊ,” ते म्हणाले. “एकूण मतं. चार...” आणि पुढचा आकडा त्यांना कागदावर दिसेचना.

मावशींनी पुढे वाकून कागदावर बोट ठेवलं.

“पुढे आणखी एक चार आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. “बोला की. ती थांबलीय.”